झोपाळ्याची करकर

१५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्याची आणि स्टिरिओफोनिक ध्वनीची जी वाखाणणी झाली ती रास्तच होती. तथापि गब्बरच्या बंदुकीपेक्षा मला अधिक धास्ती वाटली ती ठाकुराच्या अंगणातील झोपाळ्याच्या करकरीची. कुटुंबातील एकेक जण कोसळतो, प्रत्येक बारासरशी चित्र गोठते (संकलक एम. एस. शिंदे यांना याच चित्रपटासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले), आणि मग त्या ओसाड अंगणात तेवढी करकर उरते.

ही करकर निर्माण होते कशी? आकड्यात फिरणारी लोखंडी कडी घर्षणामुळे क्षणभर अडकते, ताण साठला की सुटते आणि लागलीच पुन्हा अडकते; ही अडक-सुटक एका सेकंदात शेकडो वेळा घडली म्हणजे तिचा स्वर होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हाच व्यवहार चालतो, आणि पकड वाढावी म्हणून सारंगिये गजाला राळ लावतात. घरचा झोपाळा कुरकुरू लागला की आपण कडीत खोबरेलाचे दोन थेंब सोडून मोकळे होतो. चित्रपटाचा ध्वनिसंयोजक मात्र ते तेल पुसून काढील, शिवाय पाखरे, भांडी, वारा या साऱ्यांना दृश्यातून हद्दपार करील, कारण मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो.

अशा निःशब्दतेत बार उडाला म्हणजे कानाचा बंदोबस्तही अपुरा पडतो. मोठा नाद येताच मध्यकर्णातील एक इवलासा स्नायू तेथील हाडांची साखळी ताठ करून आतील नाजूक इंद्रियाचे रक्षण करतो खरा. पण त्या पहारेकऱ्याला जागे होण्यास सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि तेवढ्यात बार आत शिरलेला असतो.

परंतु बार क्षणात संपतो. करकर संपत नाही. दोन मीटर लांबीच्या कड्यांवरील झोपाळा एक हेलकावा सुमारे २.८ सेकंदांत पुरा करतो, आणि दोन-चार हेलकाव्यांतच मन पुढच्या करकरीची वाट पाहू लागते. हेलकावा फार मोठा नसला तर हा काळ मुख्यत्वे कड्यांच्या लांबीवर ठरतो, वजनावर जवळजवळ नाही, हे लंबकाचे गणित आपण शाळेत पाठ केलेले असते. पाटावर मूल बसलेले असो वा तो रिकामा असो, डोळे मिटून ऐकणाऱ्याला ती लय तीच वाटेल.