इंजिन बदललं, आता प्रेशर कुणाचं?

यवतमाळमधली इंजिन बदलण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट जीपची नाही, शकुंतला रेल्वेची आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं धावलं आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. रूळ तेच, डबे तेच आणि प्रवासीही तेच. पण नव्या इंजिनाला जुन्या बॉयलरचं प्रेशर ठेवायला कुणी सांगितलं नाही. प्रेशर गाडीचं नसतं, इंजिनाचं असतं, हे तिथे उघडच होतं.

जीपच्या बाबतीत मात्र आपण हेच विसरतो. जिल्ह्यातल्या कमांडर, मेजर आणि जुन्या पेट्रोल जीपगाड्यांमध्ये इंजिन बदलणं नवलाचं नाही. कुणी पेट्रोल काढून डिझेल बसवतं, कुणी प्यूजो काढून डीआय. मग महिनाभरात तक्रार येते : "भाऊ, गाडी डिझेल लय पिते. प्रेशर वाढवून द्या ना थोडं, अ‍ॅव्हरेज वाढते." या एका वाक्यात किती गैरसमज दडले आहेत, ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : 'प्रेशर' म्हणजे एकच गोष्ट.

वस्तुस्थिती : गॅरेजमध्ये हा शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरतात. कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनात छोटा पंप पेट्रोल नुसतं वर चढवतो. तिथलं प्रेशर पाव ते अर्ध्या बारच्या आत असतं. एमपीएफआय पेट्रोल इंजिनात ते साधारण तीन-चार बार असतं. जुन्या डिझेल इंजिनात टाकीतून पंपापर्यंत डिझेल आणणाऱ्या फीड पंपाचं प्रेशर वेगळं, आणि नोझल ज्या दाबाला उघडते ते वेगळं. हे दुसरं शंभर बारच्या पुढेच असतं. आजच्या कॉमनरेल इंजिनात आकडा हजाराच्या पुढे जातो आणि तो संगणक ठरवतो. तिथे पाना घेऊन काही 'सेट' करायला जागाच नसते. त्यामुळे 'प्रेशर कमी आहे' असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठलं?

गैरसमज २ : जीप तीच आहे, म्हणजे नोझलचं प्रेशरही तेच.

वस्तुस्थिती : कमांडरमध्ये आलेलं २११२ सीसीचं प्यूजो एक्सडीपी ४.९० हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात उडतं. तिथे हवा जोरात घुसळलेली असल्याने फवारा फार बारीक नसला तरी चालतं. अशा इंजिनांच्या नोझल साधारण सव्वाशे बारच्या आसपास उघडतात. २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाच्या नावातच डायरेक्ट इंजेक्शन आहे. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात उडतं आणि ते बारीक करण्याचं काम नोझललाच करावं लागतं. म्हणून या जातीच्या इंजिनांचं प्रेशर दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून वर असतं.

बॉनेटखाली डीआय बसवून नोझलला प्यूजोचा आकडा दिला, तर थेंब मोठे पडतात, धूर होतो आणि इंजिन ठोकतं. उलट केलं तरी बिघडतंच. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतून आणि पंपावरच्या पट्टीवरच्या नंबरावरून घ्यायचा. शेजारच्या गाडीवरून नाही.

गैरसमज ३ : प्रेशर जितकं जास्त, तितकं अ‍ॅव्हरेज जास्त.

वस्तुस्थिती : हा गैरसमज खऱ्या अनुभवातून आला आहे, म्हणूनच तो टिकला. हजारो किलोमीटर चाललेल्या नोझलची स्प्रिंग सैल होते आणि प्रेशर उतरतं. ते टेस्टरवर पुन्हा मूळ आकड्याला आणलं की धूर कमी होतो आणि अ‍ॅव्हरेज सुधारतं. मालकाच्या लक्षात एवढंच राहतं की प्रेशर वाढवलं आणि फायदा झाला. खरं तर ते वाढवलं नव्हतं, जागेवर आणलं होतं.

मूळ आकड्याच्याही वर नेलं तर नोझल उशिरा उघडते, म्हणजे टायमिंग मागे पडतं. पंपाच्या प्लंजरवर आणि पाइपांवर ताण येतो, तो वेगळाच. एमपीएफआय पेट्रोल इंजिनात तर हिशोब सरळ आहे. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब २० टक्के वाढवला तर पेट्रोल साधारण १० टक्के जास्त जातं. ऑक्सिजन सेन्सर काही वेळ ही चूक झाकतो, पण जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिश्रण घट्ट होतं. कार्बोरेटरमध्ये दाब वाढला तर फ्लोटची सुई तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडतं.

गैरसमज ४ : प्रेशर सेट करणं म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवणं.

वस्तुस्थिती : पंपावरचा तो स्क्रू प्रेशरचा नसतो. पूर्ण जोर लावल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं, ते तो ठरवतो. अर्धा आटा फिरवला की पिकअप जाणवतं आणि मागून काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तुमच्या खिशातून हवेत गेलेलं.

नोझलचं प्रेशर गाडीवर बघता येत नाही. नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. दांडा दाबला की काटा चढतो आणि ठरलेल्या आकड्याला नोझल फट्‌दिशी फवारा सोडते. आकडा कमी असेल तर स्प्रिंगमागे पातळ शिम घालतात. काही होल्डरमध्ये त्यासाठी स्क्रू असतो. त्यानंतर प्रेशर त्या आकड्याच्या थोडं खाली रोखून धरतात. दहा सेकंदांत टोकावरून थेंब पडला, तर शिम घालून उपयोग नाही, नोझलच बदलायची. चारही नोझल एकसारख्या असायला हव्यात, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि तीन ढकलगाडी होतात. आणि त्या फवाऱ्याखाली बोट कधीही धरू नये. इतक्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्यासाठी ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं.

गैरसमज ५ : उन्हात गाडी बंद पडली म्हणजे पंप गेला.

वस्तुस्थिती : मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पेट्रोल इंजिन बदलताना पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून ओढला असेल, तर पेट्रोलची पाइपातच वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुरू होते, याचा अर्थ पंप शाबूत आहे आणि पाइपाची जागा चुकली आहे.

पेट्रोल काढून डिझेल बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. जुन्या पेट्रोल टाकीला डिझेलची परतवाट नसते. नोझल आणि पंपातून उरलेलं डिझेल टाकीत परत जायला वेगळा पाइप लागतो. तो जोडताना कुठे सैल राहिला तर डिझेल गळतं. टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा सांधा सैल असेल तर सिस्टिम हवा धरते. दोन्ही वेळी दोष मात्र प्रेशरला मिळतो.

गैरसमज ६ : थर्मोस्टॅट काढून टाकला की आपल्या उन्हात इंजिन सुखी राहतं.

वस्तुस्थिती : इंजिन बदलताना विदर्भात सर्वांत आधी फेकला जातो तो थर्मोस्टॅट. तो नसला की इंजिन थंड राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि झीज वाढते. इंजिन तापत असेल तर रेडिएटर, फॅनचा पट्टा आणि पाण्याचा पंप तपासावा. थर्मोस्टॅट हा पहारेकरी आहे, चोर नाही.

गैरसमज ७ : मीटर आणि पंपाचं बिल बघितलं की अ‍ॅव्हरेज कळतं.

वस्तुस्थिती : इंजिनासोबत गिअरबॉक्स किंवा टायर बदलले असतील तर मीटर खोटं बोलतं. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ते आधी ताडून पाहावं. मग टाकी काठोकाठ भरून किमान २०० किलोमीटर चालवावं आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावं. २०० किलोमीटरला १६ लिटर बसलं तर अ‍ॅव्हरेज साडेबारा. मीटर दहा टक्के जास्त दाखवत असेल तर तीच गाडी कागदावर पावणेचौदाची होते.

खरा चोर बहुतेक वेळा डिफरन्शिअलमध्ये असतो. विलिज वळणाच्या जुन्या पेट्रोल जीपचं प्रमाण ५.३८ होतं. १६ इंची टायरचा एक फेरा सव्वादोन मीटरचा धरला, तर टॉप गिअरमध्ये ६० च्या वेगाला इंजिन जवळजवळ २४०० फेरे मारतं. प्रमाण ४.२७ असेल तर १९०० च पुरतात. पेट्रोल इंजिनाला २४०० म्हणजे खेळ, पण कमी फेऱ्यांसाठी बनलेल्या डिझेल इंजिनाला ती ओरड असते. इथे नोझलचं प्रेशर कितीही बदला, फरक पडणार नाही.

पेट्रोलवाल्यांनी इथेनॉलही हिशोबात धरावं. मूळ बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० (दहा टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई२० वर सहा-सात टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता.

गैरसमज ८ : इंजिन आपलं, गाडी आपली, आरटीओचं काय काम?

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही आणि केलेला बदल १४ दिवसांत कळवावा लागतो. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून एमएच २९ ची पाटी असलेल्या गाडीचं इंजिन उतरवण्याआधीच यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. इंजिन नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो, आणि तेव्हा चार रुपयांच्या अ‍ॅव्हरेजची बचत आठवतही नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी कागद, मग पाइप आणि फिल्टर, मग नोझल मूळ आकड्याला, मग टायमिंग, आणि शेवटी खऱ्या मापाने अ‍ॅव्हरेज. टायरची हवा आणि चिकटलेले ब्रेकही याच यादीत बसतात आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही. आणि मिस्त्रीने "प्रेशर किती ठेवू?" असं विचारलं, तर आकडा सांगू नये. बसवलेल्या इंजिनाचा नंबर त्याच्या हातात द्यावा.