माइक घुमतो म्हणून पिन तोडू नका

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे येमाई देवीचं गाव, तसंच तमाशाप्रेमींचंही. तमाशासाठी वग आणि गवळणी लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर इथलेच. राज्य शासनाचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. अशा वगाचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, ही साऱ्यांचीच इच्छा. पण कधीकधी गणाआधीच लाउडस्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. ऑपरेटर अँप्लिफायरच्या प्लगची मोठी पिन तोडतो. घुमणं थांबतं, टाळ्या पडतात. धोका मात्र तिथूनच सुरू होतो.

हे घुमणं येतं कुठून? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. मिक्सर प्रेक्षकांमध्ये एका बोर्डावर आणि अँप्लिफायर रंगमंचामागे दुसऱ्या बोर्डावर असेल, तर दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा विद्युतदाबाचा फरक राहतो. दोघांना जोडणाऱ्या ध्वनीच्या केबलच्या जाळीमुळे एक बंद वर्तुळ तयार होतं. त्यातून वाहणारा किरकोळ प्रवाह अँप्लिफायर मोठा करून ऐकवतो.

मोठी पिन अर्थिंगची असते. यंत्रात जिवंत तार पत्र्याला टेकली, तर प्रवाह या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल तर २३० व्होल्ट पत्र्यावर थांबतात आणि केबलच्या जाळीवाटे थेट माइकपर्यंत येऊ शकतात. घामाने भिजलेला कलावंत, हातात धातूचा माइक. पुढचं सांगायला नको.

म्हणून वर्तुळ तोडायचं ते ध्वनीच्या वाटेत, विजेच्या नव्हे. सोपा उपाय म्हणजे मिक्सर आणि अँप्लिफायरला एकाच बोर्डावरून वीज द्यावी. केबल तीन पिनांची, बॅलन्स्ड वापरावी. तरीही घुमलं, तर मध्ये ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्यातून आवाज जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या राहत नाहीत. माइकची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

आता रॅकबद्दल. यंत्रांची पुढची पट्टी १९ इंच रुंद आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत असते. सर्वांत जड अँप्लिफायर तळाशी ठेवावा, म्हणजे रॅक कलंडत नाही. पुढच्या स्क्रूंवर सगळा भार टाकू नये. मागून आधार द्यावा. हवा खेळण्याच्या जागा झाकू नयेत. सुरू करताना मिक्सर आधी, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलट.

यात्रांच्या चैत्र-वैशाखात जमीन कोरडी ठाक असते आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालावं, वायरमनकडून तपासून घ्यावं. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. जनरेटर असेल, तर त्याचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलाय का तेही पाहावं. नाहीतर हा स्विच असून नसल्यासारखाच.

यंदा सुपारी देताना मंडळींनी आवाज किती मोठा, एवढंच विचारू नये. तिसरी पिन शाबूत आहे ना, हेही विचारावं.