अंतर आणि मोल

आर्थिक भूगोल म्हटला की कोठे काय पिकते याची यादी डोळ्यांपुढे येते. कोकणात भात, खानदेशात कापूस, वैनगंगेच्या खोऱ्यात धान. यादी खरी आहे. पण तो या शास्त्राचा केवळ उंबरठा होय. अमुक जिन्नस अमुक ठिकाणीच का पिकतो, आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न. तो समजून घेण्यास आपला कुरखेडा फार सोयीचा आहे.

प्रथम निसर्ग. आपल्याकडे पाऊस पुष्कळ, पण तो चार महिन्यांत पडून सतीसारख्या नद्यांवाटे वैनगंगेला जातो. रोवणीनंतर दोन आठवडे उघाड पडली तर बांधीतील धान धोक्यात येते. म्हणून पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच मामा तलाव झाले. नुसत्या पावसाने धानाचा प्रदेश होत नाही. पाणी अडविणारे हातही लागतात.

पण पिकले म्हणजे विकले असे नव्हे. १८२६ साली फॉन थ्यूनन या जर्मन जमीनदाराने एक कल्पना मांडली. सपाट मैदानात एकच शहर आहे, सगळीकडे सारखीच जमीन आहे आणि माल बैलगाडीनेच न्यावयाचा आहे, असे समजा. शहरात जिन्नसाला १०० रुपये मिळतात, पिकविण्यास ६० लागतात आणि दर कोसाला १ रुपया गाडीभाडे पडते. मग १० कोसांवरच्या शेतकऱ्यास ३० रुपये उरतात, ४० कोसांवरच्यास काहीच नाही. जमीन तीच, मेहनत तीच. फरक केवळ अंतराचा. या शिलकीला स्थानजन्य खंड म्हणतात. गंमत अशी की, थ्यूननने जंगल शहराच्या अगदी जवळच्या दुसऱ्या वर्तुळात ठेवले होते, कारण सरपण जड आणि त्याच्यावाचून शहराची चूल पेटत नसे. आज जंगल उरले आहे ते बहुधा बाजारापासून दूर, आपल्यासारख्या ठिकाणी.

अंतर मात्र नुसत्या कोसांत मोजावयाचे नसते. वडशाची रेल्वे पूर्वी अरुंद मापाची होती. गोंदियास माल एका डब्यातून उतरवून रुंद मापाच्या डब्यात चढवावा लागे. त्या हमालीने वाटेत एकही मैल न वाढता अंतर वाढत असे. मालाचे वजनही पाहावे लागते. १ क्विंटल धान भरडले की सुमारे ६७ किलो तांदूळ निघतो. कोंडा-भुशाचे भाडे कोण भरील? म्हणून राईस मिल धानाच्या मुलखातच बऱ्या. तेंदूपानाचे उलट आहे. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांचे एक गोणी, म्हणजे ७०,००० पाने. पण वाळलेले पान हलके. ते सिन्नर-सोलापूरपर्यंत जाते, कारण विडी वळण्यास लागतात ते हात तेथे आहेत.

आणखी एक अंतर नकाशावर दिसत नाही, ते कायद्याचे. बांबू गावाच्या हाताशी असून वाहतूक परवान्यावाचून बाहेर नेता येत नसे, कारण १९२७च्या वन कायद्यात त्याची गणना झाडात होती. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास मात्र २०११चा एप्रिल उजाडला. रस्ता तोच राहिला, बांबू तोच राहिला. पण विकणारा बदलला, भाव ठरविताना गाव समोर बसू लागले.

शेवटी काळाचे अंतर. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडते. ते कोरडे ठेवण्यास जागा आणि काही महिने थांबण्यास पैसा ज्याच्यापाशी आहे, त्यास पावसाळ्यातला चढा भाव मिळतो. ज्याच्यापाशी नाही, तो वेचल्या आठवड्यातच बाजारात फूल ओततो, आणि पुष्कळदा तेच फूल पुढे महाग दराने परत घेतो. त्याच्या घरापासून बाजार चार पावलांवर असला तरीही.