मोटरसायकलची इंधनटाकी: उतरवणे आणि पुन्हा बसवणे

टाकीची रचना

मोटरसायकलची टाकी बहुधा साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या भागांची असते आणि हे भाग कडेने वेल्डिंग करून जोडलेले असतात. चेसीची मुख्य नळी टाकीच्या खालून जाते. त्यामुळे टाकीचा तळ मधोमध पोकळ ठेवलेला असतो आणि ती घोड्यावरच्या खोगिराप्रमाणे चेसीवर बसते. डाव्या-उजव्या बाजूंना त्यामुळे दोन खोलगट पोटे तयार होतात. पुढच्या टोकाला टाकीची खाच चेसीवरच्या रबरांवर सरकून अडकते, तर मागे सीटखाली एक किंवा दोन बोल्ट असतात. बोल्टभोवती रबर आणि रबराच्या आत धातूचा छोटा बुश असतो. बोल्ट आवळला की तो बुशावर थांबतो, रबर चिरडले जात नाही आणि इंजिनाची कंपने पत्र्यापर्यंत कमी पोचतात.

जोडण्या

टाकी बोल्टाने धरलेली दिसली तरी तिला गाडीशी बांधणाऱ्या गोष्टी आणखी असतात. इंधनाची नळी आणि पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काट्याची वायर या त्यांपैकी दोन. झाकणाभोवतीच्या खोबणीत साचणारे पावसाचे पाणी खाली सोडणारी बारीक नळी आणि हवा आत घेणारी नळी याही असतात. अलीकडच्या गाड्यांत पंपाचा कपलर आणि पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरची नळी यांची भर पडते. टाकीचे बहुतेक नुकसान यांपैकी एखादी जोडणी सोडायची राहिली असताना टाकी उचलल्याने होते.

टाकी उतरवण्याची कारणे

टाकीखाली वायरिंगचा मुख्य गठ्ठा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि कॉइल असते. काही गाड्यांत एअर फिल्टर आणि इंजिनाच्या माथ्याकडे जाण्याचा मार्गही तिथूनच असतो. केबल बदलणे, वायरिंगमधला दोष शोधणे, व्हॉल्व्हचे अंतर तपासणे, टाकीतला गंज धुणे किंवा चेसीचा रंग खरवडून पुन्हा देणे या कामांसाठी टाकी उतरवावी लागते.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती

उरणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात खारी हवा वर्षभर असते. मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की स्वतःच ओलावा ओढून विरघळते, आणि पावसाळ्यात येथील हवा ही मर्यादा सहज ओलांडते. पत्र्यावर किंवा आट्यांत अडकलेला मिठाचा थर त्यामुळे पाऊस नसतानाही ओला राहतो आणि गंज चालू राहतो. मांडव्याची रो-रो बोट, आगरदांडा–दिघी किंवा बागमांडला–वेश्वी येथील फेरीबोट यांतून प्रवास करणाऱ्या दुचाकींवर खाऱ्या पाण्याचे तुषारही बसतात. मासळीची पेटी मागे बांधून फिरणाऱ्या दुचाकीवर बर्फाचे खारट पाणी ठिबकते. सीटखालचा टाकीचा बोल्ट डोळ्यांआड असतो, म्हणून त्याचा गंज बहुधा पाना लावल्यावरच लक्षात येतो.

पेट्रोलचे गुणधर्म

पेट्रोलचा ज्वलनांक उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे कोकणातील कोणत्याही ऋतूत त्याची पेट घेणारी वाफ तयार होतच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंतही पोचते. बंद पडवी, पेटलेली चूल किंवा गॅस, चालू ग्राइंडर यांच्या जवळ हे काम करू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्या आगीवर पाणी मारल्यास आग पसरते. जवळ पावडरचे अग्निशामक किंवा निदान कोरड्या वाळूची बादली ठेवावी.

पूर्वतयारी

इंजिन पूर्ण थंड असावे आणि गाडी मधल्या स्टँडवर सपाट जमिनीवर उभी असावी. टाकी जितकी रिकामी तितके काम सोपे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते, म्हणून पल्सर 150 ची 15 लिटरची टाकी भरलेली असल्यास केवळ इंधनाचाच भार 11 किलोंच्या घरात जातो. काढलेले पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत ठेवू नये. पेट्रोलियम अधिनियम, 1934 नुसार परवान्याशिवाय बाळगलेले पेट्रोल घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवावे लागते. काचेच्या किंवा मातीच्या भांड्याला 1 लिटरची आणि धातूच्या भांड्याला 25 लिटरची मर्यादा आहे. गंजलेल्या बोल्टावर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवल्यास सकाळी आटे सुटण्याची शक्यता वाढते. रंगाच्या रक्षणासाठी अंगठी, घड्याळ व पट्ट्याचे बक्कल काढून ठेवावे आणि टाकीच्या पुढच्या कडांना कापडी किंवा कागदी पट्टी चिकटवावी.

दोन प्रकारच्या इंधनव्यवस्था

कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोल उतारानेच खाली येते. कॉक बंद केला की प्रवाह थांबतो आणि नळी काढता येते. मात्र कॉक एकाच पोटाला असतो, त्यामुळे कॉकमधून टाकी रिकामी केली तरी दुसऱ्या पोटात थोडे पेट्रोल उरते व टाकी तिरपी होताच ते सांडू शकते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 निकष लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन रूढ झाले. त्यात पंप टाकीच्या आत असतो आणि नळीत सुमारे 3 बार दाब असतो. हा दाब आधी उतरवावा लागतो: पंपाचा कपलर काढून इंजिन चालू करतात, नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडते, मग चावी बंद करतात. या गाड्यांना कॉक नसल्याने टाकी तोंडातून हातपंपाने रिकामी करतात.

उतरवण्याचा क्रम

प्रथम सीट आणि बाजूची कव्हरे काढतात. प्लास्टिकची कव्हरे रबरात खुपसलेल्या खुंट्यांवरही धरलेली असतात. ती सरळ रेषेत ओढावीत, तिरपी ओढल्यास खुंटी मोडते. नंतर बॅटरीचे ऋण टोक सोडतात. धन टोक आधी सोडताना पाना चेसीला लागला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. त्यानंतर मागचा बोल्ट. येथे उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा, कारण उघडा पाना गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करतो. बोल्ट अडला तर आधी किंचित आवळून मग सोडावा. या धक्क्याने गंजाचा थर तुटतो. उष्णता देऊन बोल्ट सोडवण्याचा उपाय टाकीशेजारी पूर्णतः वर्ज्य आहे.

बोल्ट निघाल्यावर टाकी मागून जेमतेम चार बोटे उचलून खाली लाकडाचा तुकडा ठेवतात आणि त्या फटीतून उरलेल्या जोडण्या सोडतात. जुनी रबरी नळी कॉकवर चिकटली असल्यास ओढू नये. ती जागच्या जागी पिळून सैल करावी, तरीही न सुटल्यास टोकाशी कापून नवी घालावी. इंजेक्शनच्या नळीची क्लिप दोन्ही बाजूंनी दाबूनच सुटते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास पंपाची प्लास्टिकची तोटी तुटते. सर्व जोडण्या सुटल्याची खात्री झाली की हँडल सरळ ठेवून टाकी मागे सरकवतात आणि मगच वर उचलतात. थेट वर उचलल्यास पुढची खाच रबरात अडकते आणि झटका बसून टाकी हँडलवर आपटते.

उतरवलेली टाकी

टाकी फरशीवर ठेवल्यास तिचे सगळे वजन कॉकवर किंवा पंपाच्या तोटीवर येते. जुन्या टायरवर सुती कापड अंथरून त्यावर ठेवलेली टाकी स्थिर राहते आणि तळाचे भाग मोकळे राहतात. या वेळी तळ नीट पाहावा. आतील ओलावा पेट्रोलपेक्षा जड असल्याने दोन्ही पोटांच्या सर्वांत खोल जागी साचतो आणि बारीक छिद्रे बहुधा तिथेच पडतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषते आणि मर्यादेपलीकडे पाणी झाले की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली उभी राहणारी गाडी म्हणूनच किनाऱ्यावर जास्त गंजते. चेसीच्या नळीवर गंजाचे डाग असतील तर ते घासून रेड ऑक्साइड लावण्याची हीच वेळ असते.

पुन्हा बसवणे

पुढची रबरे कडक झाली किंवा चिरली असतील तर बदलावीत. खाच सहज सरकावी म्हणून रबराला साबणाचे पाणी लावतात. इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते. टाकी मागून किंचित वर धरून पुढे सरकवतात, चार बोटांच्या फटीतून जोडण्या पुन्हा लावतात आणि वायर किंवा केबल पत्र्याखाली दबलेली नाही हे पाहतात. झाकणाची पाण्याची नळी विसरणे ही पावसाळी प्रदेशातील मोठी चूक आहे. ती दुमडली किंवा चिखलाने बंद झाली तर खोबणीतले पाणी झाकणातून थेट पेट्रोलमध्ये उतरते. हवेची नळी चिमटली तर टाकीत पोकळी निर्माण होऊन काही अंतराने इंजिन बंद पडते. बोल्ट बुशासह बसवावा, आट्यांना पातळ ग्रीस लावावे आणि सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत. 6 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाला साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पुरतो. बुश हरवला असताना बोल्ट करकचून आवळल्यास कंपने पत्र्यात उतरतात आणि बैठकीजवळचे वेल्डिंग तडकते.

चाचणी

बॅटरीचे धन टोक आधी व ऋण टोक शेवटी जोडतात. थोडे पेट्रोल घालून चावी किंवा कॉक चालू करतात आणि प्रत्येक जोडाखाली कोरडे पांढरे कापड धरून गळती पाहतात. इंजिन मंद चालू असताना हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवतात. वळवताना इंजिनाचा वेग वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल टाकीखाली दबली आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे आहे. शेवटी झाकणाच्या खोबणीत कपभर पाणी ओतून ते नळीतून खाली पडते का, हे पाहतात.

मर्यादा

टाकी काढणे-बसवणे साध्या हत्यारांनी होते. तिची दुरुस्ती मात्र तशी होत नाही. रिकाम्या टाकीत वाफ शिल्लक असते आणि हवेतील तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असेल तर ती ठिणगीने स्फोट घेते. छिद्र बुजवण्यासाठी वेल्डिंग किंवा ब्रेझिंग हे टाकी धुऊन वायुमुक्त करण्याची सोय असलेल्या कारागिराचेच काम आहे. पंप बाहेर काढल्यास त्याचे सील नवे घालावे लागते. आटे गेलेला बोल्ट किंवा बैठकीशी तडकलेला पत्रा आढळल्यास काम तिथेच थांबवून गाडी कुशल मेकॅनिककडे द्यावी. किनाऱ्यावरील गाडीची टाकी पावसाळ्याआधी एकदा उतरवून बोल्टांना ग्रीस, रबरांची तपासणी आणि पाण्याच्या नळीची सफाई केली, तर गंज आणि पेट्रोलमधले पाणी या दोन्ही त्रासांना वेळीच आळा बसतो.