गळू, पंचा आणि अर्धी पट्टी

आमच्या मार्गासनीत जुलैमध्ये भाताची लावणी सुरू झाली, की माणसांचे पाय दिवसदिवस चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कापणीला विळा लागतो. त्यामुळे गळू, केसतूड, पिकलेली जखम यांचं गावात कुणाला काही वाटत नाही. पोटीस बांधायचं, पिकलं की दाबून पू काढायचा. मीही जन्मभर तेच केलं.

गेल्या वर्षी फाल्गुनात माझा भाचा लंगडतच घरी आला. पुण्यात एका तालमीत राहून तो कुस्ती शिकतो. वय एकोणीस, कमावलेलं अंग आणि मांडीवर लिंबाएवढं लालभडक गळू. म्हणाला, "मामू, कोळी चावला असेल." औषधाच्या दुकानातून परस्पर पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या. दोन दिवसांत ठणका कमी झाला, म्हणून उरलेली पट्टी खिशातच राहिली. आठवड्याने गळू तापासकट परतलं. डॉक्टरांनी ते चिरलं आणि पू फेकून न देता तपासणीला पाठवला. अहवाल आला: एमआरएसए.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा तसा आपल्या घरातलाच जंतू. दर दहांपैकी साधारण तिघांच्या नाकात तो निमूट राहतो. कातडी फाटली, की आत शिरतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन आपल्याकडे तयार होऊ लागलं, तोवर या जंतूच्या काही जाती त्याला पुरून उरायलाही शिकल्या होत्या. त्यांच्यासाठी १९५९ मध्ये मेथिसिलीन आलं. १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू इंग्लंडात सापडला. तोच हा एमआरएसए.

बरीच वर्षं हे इस्पितळातलं दुखणं समजलं जाई. पण १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या राज्यांत चार मुलं याच जंतूने दगावली. त्यांचा त्याआधी इस्पितळाशी काहीच संबंध आलेला नव्हता. आपल्या उपखंडातही इस्पितळाबाहेर पसरणारी, अनेक औषधांना दाद न देणारी एक जात आहे. शास्त्रज्ञांनी तिला बंगालच्या उपसागराचं नाव दिलं आहे.

मग धडधाकट पोराला हा गाठतो कुठे? जिथे माणसं दाटीने राहतात, अंगाला अंग लागतं, कातडी खरचटलेली असते, वस्तू सामाईक असतात आणि हात-अंग धुण्याची सोय अपुरी असते तिथे. वसतिगृह, बराक, तुरुंग ही अशीच ठिकाणं. तालमीत तर हे सगळंच एकत्र येतं. सेंट लुईसच्या एका फुटबॉल संघात २००३ मध्ये ही साथ आली, तेव्हा एकेक टॉवेल तिघे-तिघे वापरत असल्याचं आढळलं. भाच्याच्या तालमीतही पंचा कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल घालतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या हळदीने ओला पंचा शुद्ध होत नाही. न्हाव्याकडेही आपण ब्लेड नवं आहे का ते पाहतो, टॉवेल पाहत नाही.

अर्ध्या पट्टीवरून मी भाच्याला खूप बोललो. डॉक्टरांनी मलाच थांबवलं. हट्टी जंतू त्याच्या अंगात तयार झाला असेलच असं नाही, म्हणाले. दुसऱ्याच्या कातडीवरून तो हट्टी होऊनच आला असेल. मात्र वारंवार, मनाला येईल तशा घेतलेल्या गोळ्या साधे जंतू मारतात आणि हट्ट्यांना जागा मोकळी करून देतात, हे खरं. कायद्याने प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून त्यांतल्या काहींची विक्री वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. तरी भाच्याला पट्टी मिळालीच. मागणारे आपणच असतो.

पुष्कळदा अशा गळवाचा मुख्य उपाय म्हणजे ते डॉक्टरांकडून नीट चिरून घेणं. दाबून काढलं तर जंतू आणखी खोल जातो. गोळी लागलीच, तर कोणती चालेल ते पुवाच्या तपासणीत कळतं. ताप आला, लाली पसरू लागली, मधुमेह असला किंवा मूल लहान असलं, तर पोटिसात दिवस घालवू नयेत.

जखम सुकेपर्यंत वस्तादांनी भाच्याला आखाड्यात उतरू दिलं नाही. चैत्रातल्या जत्रेची कुस्ती हुकली, त्याचा राग त्याने माझ्यावर काढला. आता तालमीच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची खुंटी आहे. आणि माझ्या घरच्या औषधांच्या डब्यात परवा शोधलं, तर तीन अर्ध्या पट्ट्या निघाल्या. तिन्ही माझ्याच.