वेग कुठे अडतो?

गिगाबिटचा प्लॅन घेतला, फायबर घरापर्यंत आले आणि तरीही स्पीड टेस्ट ९४ मेगाबिटच्या पुढे सरकत नाही, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. राग कंपनीवर निघतो. पण ९४ हा आकडा फार बोलका आहे. इथरनेटच्या पूर्ण भरलेल्या प्रत्येक फ्रेमला तारेवर १५३८ बाइट्सची जागा लागते. त्यातले साधारण १४४८ बाइट्स आपल्या माहितीचे; बाकीचे पत्ते, क्रमांक, चूक पकडण्याची तजवीज आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा यांत जातात. सहा टक्क्यांची ही वजावट ठरलेलीच. त्यामुळे शंभर मेगाबिटची जोडणी ९४ दाखवते, गिगाबिटची ९४०, तर अडीच गिगाबिटची सुमारे २,३५०. आकडा पाहिला की वाट कुठे अरुंद आहे याचा अंदाज येतो.

शंभर मेगाबिटला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नाही किंवा घाईत चारच तारा क्रिम्प केल्या, तर बरीच उपकरणे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. इंटरनेट चालूच राहते, म्हणून कोणाला शंका येत नाही. अशा वेळी महागडा राउटर आणून काही साधत नाही. आधी कनेक्टर बदलून पाहावा.

गिगाबिटच्या पुढची कथा अधिक रंजक आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात वीज पुरवणाऱ्या ईपीबी या सार्वजनिक संस्थेने २०१० मध्ये घरोघरी एक गिगाबिट दिले, २०१५ मध्ये दहा आणि २०२२ मध्ये पंचवीस. रस्त्याखालचे फायबर वेगाला अडवत नाही. जीपॉन या रूढ पद्धतीत २.४८८ गिगाबिटचा प्रवाह अनेक घरांत वाटला जातो. त्याच धाग्यातून एक्सजीएस-पॉनचा दहा गिगाबिटचा प्रवाह वेगळ्या तरंगलांबीवर सोबतीने धावू शकतो. जीपॉनचा प्रकाश घराकडे १४९० नॅनोमीटरवर येतो, एक्सजीएस-पॉनचा १५७७ वर. धागा तोच राहतो, दोन टोकांची यंत्रे तेवढी बदलतात.

घरातल्या तांब्याच्या तारांसाठीही अभियंत्यांनी हाच मार्ग शोधला. दहा गिगाबिटचे तांब्यावरचे मानक २००६ मध्येच आले होते. पण त्याला पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए केबल हवी आणि त्याची यंत्रे तापत. दरम्यान वाय-फाय गिगाबिटच्या पुढे निघाले, आणि जगभरच्या इमारतींच्या भिंतींत तर कॅट ५ई केबल आधीच घातलेली. भिंती फोडायच्या कोणी? २०१६ च्या नव्या मानकाने अडीच गिगाबिटसाठी दहा गिगाबिटचीच युक्ती चौपट संथ केली. सेकंदाला ८० कोटींऐवजी २० कोटी संकेत, प्रत्येक संकेताला सोळा विद्युतपातळ्यांपैकी एक. संथ झाल्यावर लागणारी वारंवारता ४०० मेगाहर्ट्झवरून १०० वर आली, आणि कॅट ५ई नेमकी १०० मेगाहर्ट्झपर्यंत प्रमाणित आहे! शिवाय तारांच्या चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलतात. यंत्र आलेल्या संकेतातून स्वतः पाठवलेला संकेत वजा करते आणि समोरच्याचे ऐकते. जुन्या तारेतून अडीच गिगाबिट काढणारी ही कामगिरी मला दहा गिगाबिटपेक्षाही मोठी वाटते.

म्हणजे खरेदी करायची ती टोकांची. इथे एक गोष्ट हमखास निसटते. पुष्कळ राउटरना अडीच गिगाबिटचे पोर्ट एकच असते. ते फायबरच्या डब्याकडे गेले की आतले सगळे पोर्ट गिगाबिटचे उरतात. अनेकांना मिळून वेग वापरता येतो, पण एकट्या संगणकाला ९४० च्या पुढे जाता येत नाही. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा सोडून पोर्टची यादी वाचावी. अडीच गिगाबिटला सेकंदाला सुमारे दोन लाख पॅकेट्स हाताळावी लागतात. राउटरचा प्रोसेसर तेवढा सक्षम हवा. संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला ३०० मेगाबाइट लिहिताना तीच मागे पडते.

फोनवर मात्र एवढी अपेक्षा धरू नये. हवा सामाईक आहे. एका चॅनेलवर एका वेळी साधारण एकानेच बोलायचे. दोन अँटेनांचा वाय-फाय ६ फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कागदोपत्री १.२ गिगाबिटचा असतो. हातात त्याहून बरेच कमी पडते.

मग एवढा वेग लागतो कोणाला? फोर-के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिट पुरेसे मानते. मोठे व्हिडिओ संपादित करणारे, सतत अवजड फाइल्स चढवणारे, घरात साठवणुकीचा सर्व्हर ठेवणारे यांनी अडीच गिगाबिटकडे जरूर जावे. इतर घरांना आठही तारा नीट जोडलेले गिगाबिट भरपूर आहे.

नवे घर बांधत असाल किंवा नूतनीकरण काढले असेल, तर प्रत्येक खोलीपर्यंत डेटा केबलसाठी वेगळा पाइप घालून घ्या आणि शुद्ध तांब्याचीच केबल मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि ती इथरनेटच्या मानकांत बसत नाही. ती भिंतीत जाऊ देऊ नका.