कचराकुंडीपाशी भरलेला वर्ग

पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचे आवार आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेले हे देशातले पहिले महिला विद्यापीठ, एवढे शाळकरी मुलांनाही पाठ असते. शहरातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना याच विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कामातून उभी राहिली, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. विद्यापीठाने रोजगारासाठी नेमके करायचे तरी काय, असा प्रश्न निघाला की मला प्लेसमेंट सेलच्या आधी ही गोष्ट आठवते.

१९९० च्या सुमारास विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रकल्प घेतला. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यात काम करत होत्या. वस्तीत वर्ग भरवावा, तर मुली आयांबरोबर पहाटेच कामाला गेलेल्या. मग शिकवणाऱ्याच त्यांच्या मागे कचराकुंडीपर्यंत गेल्या, आणि शिकण्याची पाळी त्यांच्यावर आली. शिळे अन्न, फुटकी काच आणि कागद एकाच ढिगात. त्यातून कागद उपसायचा तर हात कापणार, कुत्री अंगावर येणार, आणि पाठीवर पोते दिसले की चोरीचा संशय ठरलेला. या बायकांपैकी बहुतेक जणी दलित. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कुटुंबेही त्यांत पुष्कळ.

उपाय तसा साधा होता. घरातच सुका कचरा वेगळा ठेवला, तर भंगार स्वच्छ मिळते, भाव बरा येतो आणि कामाचे तास घटतात. कार्यकर्त्यांनी काही सोसायट्यांचे मन वळवले आणि तीसेक बायकांना दारातून कचरा मिळू लागला. कमाई वाढली. पण काही आठवड्यांतच तोच कचरा उचलायला दुसऱ्या कुणाची गाडी येऊ लागली. बायकांनी निदर्शने केली, गाडी थांबली. सोसायटीच्या भलेपणावर मिळालेले काम सोसायटीचे मन फिरले की जाते, हे त्यांना तेव्हाच कळून चुकले. मे १९९३ मध्ये परिषद भरली. आठशेहून अधिक कचरावेचक आले, हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे संघटनेच्या ओळखपत्रावर पुणे महापालिकेची मोहोर उमटली, २००२-०३ मध्ये वैद्यकीय विमा आला आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी पालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

यात विद्यापीठाचे म्हणून काय होते? मोर्चे संघटनाही काढू शकते. विद्यापीठाचा वाटा होता मोजण्याचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेला या विभागाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या बायका रोज सुमारे १४४ टन भंगार कचऱ्यातून बाजूला काढतात आणि त्यामुळे पालिकेचा नुसता वाहतुकीचाच वर्षाला दीड कोटीहून अधिक खर्च वाचतो, असा हिशेब त्यात मांडला होता. आजवर ज्यांच्याकडे दयेने किंवा किळसेने पाहिले जात होते, त्या बायका शहराला फुकटात सेवा देत होत्या, हे आकड्यांत आले. पालिकेच्या टेबलावर आकडा ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

त्याच श्रम संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये ‘डीसेंट वर्क’ ही कल्पना मांडली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या आठव्या उद्दिष्टात ती आली. ‘डीसेंट वर्क’ला शब्दशः ‘सभ्य काम’ म्हणावे तर हसू येते. भंगार वेचण्यात असभ्य काय होते? असभ्य होती ती वागणूक. ‘सन्मानाचे काम’ म्हटले तर निदान बोट योग्य जागी पडते.

आता विद्यापीठांनाही या उद्दिष्टावर गुण मिळतात. ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळी क्रमवारी सुरू केली. आठव्या उद्दिष्टाच्या गुणांत विद्यापीठातले किती कर्मचारी दीर्घ मुदतीच्या नेमणुकीवर आहेत, हेही मोजले जाते. खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांची वेळापत्रके तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. नेट-सेट, पीएचडी झालेली ही माणसे जेवढे तास घेतील तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम. अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० द्यावेत, हेही आयोगाने २०१९ मध्येच सांगितले. अर्थशास्त्राच्या तासाला ‘रोजगाराची गुणवत्ता’ हा धडा कोण शिकवतो, ते एकदा वेळापत्रकात पाहावे.

आणि फाटकावरचे रखवालदार, स्वच्छतागृहे धुणाऱ्या बायका? ही मंडळी कंत्राटदाराची. पण कंत्राटदाराने पगार थकवला तर तो चुकता करण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे विद्यापीठावर येते. हे त्या बायकांना कुणी सांगितलेले नसते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांची गतही पाहायला हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात श्रमाला शिक्षणाइतकाच मान होता. आज बऱ्याच ठिकाणी ही मुले म्हणजे कार्यालयाला स्वस्तात मिळालेले हात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण करावे लागते. ते बहुधा बिनपगारी असते, आणि खेड्यातल्या मुलाला शहरात खोली घेऊन फुकट राबणे परवडत नाही. त्यातल्या काही जणांना मानधन देऊन आवारातच बसवावे. सफाईच्या बाईला हातात किती पडतात, भविष्य निर्वाह निधी खरोखर जमा होतो का, तासिकावाल्या प्राध्यापकाचे बिल किती महिने अडते, हे एसएनडीटीच्या पद्धतीने मोजून काढावे. खर्च फार नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि कुलसचिवांची लेखी परवानगी. पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थी आणतील.